बोगद्याचं तोंड कुठे उघडतं?

मागच्या अंकात औट्रम घाटाबद्दल, म्हणजे चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात होऊ घातलेल्या बोगद्याबद्दल, लिहिताना इंग्लंडातल्या स्टोनहेंजजवळच्या, म्हणजे तिथल्या प्राचीन उभ्या दगडांच्या कड्याजवळच्या, बोगद्याच्या योजनेचा एका ओळीत उल्लेख केला आणि पुढे गेलो. वाचकांनी ती ओळच धरली. घाटावर आलेल्या पत्रांपेक्षा स्टोनहेंजवर आलेली पत्रं जास्त भरली. त्यातली काही इथे घेतो. नावं कुणाचीच छापत नाही, दोघांनी तशी विनंती केली आहे आणि बाकीच्यांना त्याने फरक पडू नये.

प्रश्न : नाना, मी धुळ्याला भूगोल घेऊन बीए करतोय. बोगदा जमिनीखालून जाणार होता. दगडांना धक्का नाही, उलट गाड्यांचा आवाज आणि धूर नजरेआड. मग एवढा विरोध कशासाठी? लोकांना विरोधासाठी विरोध करायचा असतो का?

काहींना असतो, बेटा. पण इथे तसं म्हणून सुटता येणार नाही.

नकाशा समोर घे. दक्षिण इंग्लंडात विल्टशर परगण्यात सॅलिसबरीचं पठार आहे, त्यावर हे दगड. लंडनच्या बाजूने डेव्हन-कॉर्नवॉलकडे जाणारा ए303 हा हमरस्ता दगडांपासून जेमतेम 165 मीटरवरून जातो. मागेपुढे बराच चौपदरी आणि नेमका इथे दुपदरी, म्हणून सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते. योजना अशी होती : सुमारे 13 किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायचा आणि दगडांजवळचा सुमारे 3.3 किलोमीटर भाग जमिनीखाली घालायचा.

आता दुसरा आकडा. युनेस्कोने 1986 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलं ते नुसतं दगडांचं कडं नाही. भोवतालची सुमारे 26 चौरस किलोमीटर जमीन त्यात आहे : दफनाची टेकाडं, लांबच लांब चर, दगडांकडे जाणारी ॲव्हेन्यू नावाची मिरवणुकीची वाट. रस्त्याच्या रेषेत मोजलं तर ही हद्द सुमारे 5.4 किलोमीटर भरते. बोगदा 3.3 चा. वजाबाकी तू कर. पश्चिमेकडे बोगद्याचं तोंड वारशाच्या हद्दीतच उघडत होतं आणि तिथून जवळपास एक किलोमीटर चौपदरी रस्ता खोल कटिंगमधून, म्हणजे खणलेल्या उघड्या खाचेतून, जाणार होता. भांडण मुख्यतः त्या एक किलोमीटरचं.

मी आयुष्यभर सरकारी नोकरीत रस्तेच केले, म्हणून सांगतो. बोगदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डोंगरातलं भोक येतं. पोर्टल, म्हणजे बोगद्याचं तोंड, ही फार पसरट गोष्ट असते. तिथे उतार लागतो, दोन्ही बाजूंना भिंती लागतात, पाणी उपसायची सोय, दिवे, पाट्या, यंत्रं उभी करायला मोकळं मैदान, आणीबाणीची जागा. आणि तिथली जमीन कधीच पूर्ववत होत नाही. स्टोनहेंजच्या परिसरात तर नांगरटीच्या मातीतसुद्धा गारेची हत्यारं पडलेली असतात. 2013 मध्ये दगडांना जवळजवळ खेटून जाणारा ए344 हा रस्ता त्यांनी बंद केला, डांबर उखडलं, तर त्या डांबराखाली ॲव्हेन्यूचे चर शाबूत सापडले. 2020 मध्ये जवळच्या डरिंग्टन वॉल्स या प्राचीन वसाहतीभोवती प्रचंड खड्ड्यांचं एक कडं असल्याचं जाहीर झालं आणि मंत्र्यांना बोगद्याचा निर्णय पुढे ढकलावा लागला. अशा जागी किलोमीटरभर कटिंग करायची म्हटल्यावर पुरातत्त्ववाले गप्प कसे बसतील? त्यात दगडांच्या मांडणीचा अक्ष हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या मावळत्या सूर्याशी जुळतो. मावळतीच्या त्या बाजूला चौपदरी खाच पाडू नका, हीही एक हरकत होती.

पूर्वेच्या तोंडाजवळ ब्लिक मीड नावाची पाणथळ जागा आहे. तिथे दगडांच्याही हजारो वर्षं आधीच्या माणसांच्या वस्तू सापडल्या आहेत. चिखलात हवा पोचत नाही म्हणून हाडं टिकली. शेजारी बोगदा खणला आणि भूजल उतरलं तर? चुनखडकात पाणी कुठून कुठे जातं हे छातीठोक सांगणारा अभियंता मला तरी भेटलेला नाही.

युनेस्कोचं म्हणणं साधं होतं : करायचाच तर लांब करा, पश्चिमेचं तोंड हद्दीबाहेर न्या. सरकारचं उत्तर : खर्च. आधीच योजना सुमारे 170 कोटी पौंडांची. खरं तर 2007 मध्ये त्याआधीची एक बोगदा-योजना अशीच खर्च फुगला म्हणून गुंडाळली होती. 2020 मध्ये सरकारच्याच नियोजन निरीक्षकांनी परवानगी देऊ नका असा अहवाल दिला, तरी मंत्री ग्रँट शॅप्स यांनी मंजुरी दिली. विरोधकांनी वर्गणी काढून खटला केला. जुलै 2021 मध्ये उच्च न्यायालयाने मंजुरी रद्द केली. कारण लक्षात ठेवण्याजोगं आहे : पर्यायांचा, म्हणजे लांब बोगद्याचा, मंत्र्यांनी कायद्याला धरून विचारच केला नव्हता. 2023 मध्ये पुन्हा मंजुरी. पुन्हा खटला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये विरोधक हरले. मग सरकार बदललं आणि 29 जुलै 2024 ला नव्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी पैसे नाहीत म्हणून योजनाच काढून टाकली.

म्हणजे शेवटी ना पुरातत्त्व जिंकलं, ना युनेस्को. तिजोरी जिंकली. आंदोलनाने एवढं केलं की तिजोरी रिकामी होईपर्यंत कुदळ पडू दिली नाही. हे थोडं नाही, पण त्याला विजय म्हणायला माझी जीभ वळत नाही. रस्ता आजही तिथेच आहे, दगडांच्या कुशीत, आणि रांगही तिथेच आहे.

प्रश्न : ते एवढाले दगड मुळात आणले कुठून? (पारोळ्याहून, इयत्ता नववी)

मोठे दगड, ज्यांना सार्सेन म्हणतात, ते सरासरी 20-25 टनांचे. बरेचसे सुमारे 25 किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्स या जंगलातले, असं 2020 च्या संशोधनातून दिसलं. छोटे निळसर दगड पश्चिम वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतले, सरळ रेषेत 200 किलोमीटरहून दूरचे. आणि मधोमध पडलेला सहा टनांचा ‘अल्टर स्टोन’ तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्येचा, 700 किलोमीटरपलीकडचा, हे 2024 मध्ये कळलं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा कारभार आहे हा. कसे आणले, यावर तिथले विद्वान अजून भांडतात. तूही भांडायला जा, वय आहे तुझं.

प्रश्न : नाना, राग मानू नका. दगडधोंड्यांसाठी गळा काढणारे सगळे शहरातले असतात. रस्त्यावर ज्यांचं घर आहे त्यांना कुणी विचारलं का? आमच्या गावातून डंपर जातात, पोरं शाळेत सोडायला भीती वाटते. (अमळनेर तालुक्यातले शेतकरी)

राग कसला, भाऊ. हा प्रश्न तिथेही विचारला गेला आणि त्याचं उत्तर विरोधकांना नीट देता आलं नाही, असं माझं मत आहे.

विंटरबोर्न स्टोक नावाचं लहानसं गाव आहे. ए303 त्याच्या मधून जातो. तिथले लोक कित्येक वर्षं बायपास मागताहेत. हमरस्ता तुंबला की गाड्या आडवाटेने श्रूटनसारख्या गावांत घुसतात, अरुंद गल्ल्यांतून. या लोकांना बोगदा हवा होता, कारण त्याच योजनेत त्यांचा बायपास होता. योजना बुडाली तेव्हा बायपासही बुडाला. दगडांवर प्रेम करणाऱ्यांनी या गावांसाठी वेगळा बायपास तितक्याच जोरात मागायला हवा होता.

आणि दगडांवर प्रेम करणारेही एका बाजूला नव्हते. आजूबाजूची बरीच जमीन ज्यांच्याकडे आहे तो नॅशनल ट्रस्ट आणि दगडांची देखभाल करणारी इंग्लिश हेरिटेज या दोन्ही संस्था बोगद्याच्या बाजूने होत्या. त्यांचं म्हणणं, रस्ता गेला की दुभंगलेला परिसर पुन्हा एक होईल. विरोधात स्टोनहेंज अलायन्स, इतिहासकार टॉम हॉलंड, बरेच पुरातत्त्वज्ञ, आणि दगडांना देवस्थान मानणारे ड्रुइड. आपल्याकडे देवस्थान म्हटलं की वाद एका फटक्यात पेटतो. तिथे हे लोक पांढरे झगे घालून न्यायालयाबाहेर उभे राहतात, हाच काय तो फरक.

लेक तिकडे असताना मी एकदा त्या रस्त्याने गेलो आहे. गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती, जावई स्टिअरिंगवर बोटं आपटत होता, आणि उजव्या काचेतून ते दगड हळूहळू सरकत होते. पुढच्या ट्रकचा चालक खिडकीतून हात काढून फोटो घेत होता. तिकीट नाही, रांग नाही. बोगदा झाला असता तर त्या ट्रकवाल्याचं ते फुकटचं दर्शन गेलं असतं. विरोधकांचा हाही एक मुद्दा होता आणि मला तो इतर कुठल्याही मुद्द्याहून जास्त पटतो. अभियंत्याने असं म्हणू नये, पण पटतो.

प्रश्न : मी चाळीसगावचा. कांदा, मका, सिमेंट, मिळेल तो माल वाहतो. 2023 ला हायकोर्टाने कन्नड घाट जड गाड्यांना बंद केला. तेव्हापासून नांदगावकडून वळसा. डिझेल माझं, वेळ माझा, टायर माझे. बोगद्याची वाट बघून डोळे पांढरे झाले. आता तुम्ही परदेशातले किस्से सांगून इथेही विरोध उभा करणार का? तुम्ही नेमके कोणाच्या बाजूला?

तुमच्या. सरळ सांगतो : औट्रम घाटाला बोगदा हवा.

31 ऑगस्ट 2021 ची सकाळ आठवा. रात्रभर पाऊस, घाटात दरडी, चिखलाखाली गाड्या, आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्या घराघरांत. ज्याने ते पाहिलं तो बोगद्याला नाही म्हणणार नाही. घाटाला नाव ज्या जेम्स औट्रमचं आहे त्याने 1825 पासून खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. त्या काळाच्या बैलगाडीला साजेशा वळणांवर आज आपण चाळीस टनांचे ट्रेलर चढवत होतो.

पण भाऊ, बोगदा हवा म्हणणाऱ्यानेच बोगद्याला जास्त प्रश्न विचारले पाहिजेत. नाहीतर काम अर्धवट असताना कुणीतरी न्यायालयात जाईल, स्थगिती येईल, आणि तुम्ही आणखी दहा वर्षं नांदगावकडून फिराल. इंग्लंडात हेच झालं. मंत्र्यांनी पर्यायांचा कागद नीट केला असता तर 2021 ला त्यांची मंजुरी पडली नसती.

आपल्या डोंगरात काय आहे ते बघा. घाट गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. हे अभयारण्य 1986 चं आहे, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं, दोन जिल्ह्यांत पसरलेलं. याच रांगेत पितळखोरं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली बौद्ध लेणी, अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. तिथला पसरट वाडगा पेललेला, खुदकन हसणारा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे; कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला असं त्याच्या हातावरच कोरलंय. डोंगराच्या पायथ्याला आपली पाटणादेवी. तिथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शके 1128 चा शिलालेख. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आता कुणी म्हणेल की बोगद्याने पितळखोरं कोसळेल, तर ते खोटं. लेणी आणि पाटणादेवी घाटरस्त्यापासून काही किलोमीटर बाजूला आहेत. उगाच लेण्यांची भीती घालून बोगदा अडवणारा माणूस मला आवडणार नाही, लेण्यांचंही त्याने भलं होत नाही. पण पितळखोऱ्याचा खडक मुळातच कच्चा आहे, पापुद्रे सुटून खांबच्या खांब गेलेत. म्हणून सुरुंगाची कंपनं मोजली पाहिजेत. खाणींसाठी 1997 चा निकष आहे : ऐतिहासिक वास्तूपाशी, 8 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आठ हेलकाव्यांच्या, खालच्या कंपनांना, जमीन हलण्याचा वेग सेकंदाला 2 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. लेण्यांत एक मापक बसवणं बोगद्याच्या खर्चापुढे काहीच नाही. बसवा, आकडे जाहीर करा, वाद तिथेच संपतो.

पाण्याचं मात्र मला खरंच भय आहे. आपला डोंगर म्हणजे लाव्हाचे थर, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक. दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो, पाणी त्याच्या अंगाने झिरपतं. झरे, विहिरी, पाटण्याकडचे ओढे सगळे त्यावर. बोगदा त्या पट्ट्यातून गेला की पाणी बोगद्यात येतं, आणि जिथे जायचं तिथे जात नाही. नोकरीत असताना एका कामावर हे डोळ्यांनी पाहिलंय : कंत्राटदार पंपाचं बिल लावत होता आणि वरच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन साईटवर उभ्या.

आणि मक. बोगद्यातून निघालेला दगड-मुरूम, साईटवर सगळे मकच म्हणतात. किलोमीटरागणिक लाखभर घनमीटरच्या घरात जातो. तो कुठे टाकणार? ओढ्यात लोटला तर पुढच्या अतिवृष्टीत चाळीसगावच्या बाजारपेठेत येईल. म्हणून माझे प्रश्न हेच : दोन्ही तोंडं कुठे उघडतात, मक कुठे जातो, पाणी कोण मोजतं. लेण्यांवरच्या भाषणांपेक्षा या तीन कागदांची मागणी करा, भाऊ. तुमच्या ट्रकच्याच हिताची आहे.

प्रश्न : संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी असते ना? मग काळजी कसली? शिवाय युनेस्को ओरडलं की सरकारला ऐकावंच लागतं. (जामनेरच्या शिक्षिका)

ताई, दोन्ही अर्धं खरं. 1958 च्या कायद्यात 2010 ला दुरुस्ती झाली : केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बंदी, त्यापुढे 200 मीटर परवानगीने. पण त्या 300 मीटरच्या पलीकडे हा कायदा गप्प. स्मारकाकडे येणारं पाणी, दिसणारा डोंगर, जुनी वाट यांना तो ओळखतच नाही. आणि त्या 100 मीटरमध्येही सार्वजनिक कामांना वाट करून देणारं विधेयक 2018 च्या जानेवारीत लोकसभेत मंजूर झालं होतं. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेलं.

युनेस्कोकडे पोलीस नाहीत. यादीत घालणं, धोक्याच्या यादीत टाकणं आणि काढून टाकणं, एवढीच त्यांची ताकद. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात एल्बे नदीवर चौपदरी पूल बांधू नका, हवा तर बोगदा करा, असं त्यांनी सुचवलं. पण शहरवासीयांनी त्याआधीच, 2005 मध्ये, मतदान करून पूल मागितला होता. 2009 मध्ये ड्रेस्डेनचं नाव यादीतून गेलं, पूल आजही वाहता आहे. गंमत बघा : ड्रेस्डेनला युनेस्को म्हणतं बोगदा चालेल, स्टोनहेंजला म्हणतं असला बोगदा नको. जागेप्रमाणे औषध. आपल्या हम्पीला आनेगुंदीच्या पुलामुळे 1999 मध्ये धोक्याच्या यादीत टाकलं, 2006 ला बाहेर काढलं. तो पूल 2009 मध्ये बांधता बांधताच कोसळला.

तुमच्या अगदी उशाशी अजिंठा आहे. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी सोडायची आणि पुढचे चार किलोमीटर बसने जायचं, यावर सुरुवातीला किती कुरकुर झाली होती. आज मुलांची सहल नेताना तुम्हाला त्यात काही गैर वाटतं का? स्टोनहेंजलाही त्यांनी 2013 मध्ये असंच केलं : वाहनतळ आणि तिकीटघर अडीच किलोमीटर मागे, तिथून बस. या कामाला ना बोगदा लागला, ना खटला.

प्रश्न : सासूबाई विचारतात, “गाडी डोंगरमाईन (डोंगरातून) जाई का?” आणि मी विचारते, आमच्यासारख्या बायकांनी हे प्रश्न विचारायचे कुठे? बैठका तालुक्याला होतात आणि आम्हाला कळतं दुसऱ्या दिवशी. (चाळीसगाव तालुका)

सासूबाईंना सांगा, “जाई, पन येळ लागी.”

ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते त्याची जनसुनावणी 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे घ्यावी लागते. किमान 30 दिवस आधी वृत्तपत्रात नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष, प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजक. सारांश जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी ठेवलेला असतो, तो कुणीही वाचू शकतं. महामार्गासाठी जमीन घेतात तेव्हा राजपत्रात सूचना निघते आणि तिथून 21 दिवसांत हरकत द्यावी लागते. बाविसाव्या दिवशी कितीही खरी हरकत असली तरी उपयोग नाही. अभयारण्यातल्या जमिनीचा निर्णय राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत जातो. ग्रामसभेचा ठराव तिथे जोडता येतो, फक्त तो वेळेत व्हायला हवा.

हरकतीत भावना एका ओळीत लिहा आणि बाकी पानभर आपल्या विहिरी : कुठली विहीर, किती हात खोल, उन्हाळ्यात पाणी कुठवर. हे आकडे तुमच्याइतके कुणाकडे नाहीत, सल्लागार कंपनीकडेही नाहीत. यंदाच्या चैत्रात मोजून वहीत लिहून ठेवा, कारण काम सुरू झाल्यावर मोजलेलं कुणी मानत नाही. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.